परमुलखात गेलात तरी पोटभर जेवा

  आज आम्ही जेवणावर बोलणार आहोत, पण घरच्या जेवणावर नाही. घर सोडून परगावी, परराज्यात नाहीतर थेट परदेशात गेल्यावर आपल्यासारख्या बाईनं कमी पैशात पोटभर कसं जेवायचं, हा आजचा विषय.

तुम्ही म्हणाल, हा काय विषय झाला? भूक लागली की खायचं. पण बघा, आपल्या बाया आता किती बाहेर पडायला लागल्यात. वारली चित्रं, बांबूच्या टोपल्या, नाचणीचे पापड, चिकूचे चिप्स घेऊन गट मुंबईच्या महालक्ष्मी सरसला जातात, दिल्लीच्या मेळ्यांना जातात. कुणी प्रशिक्षणाला पुण्याला जाते, कुणी आजारी माणसाला घेऊन मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात पंधरा-पंधरा दिवस राहते. तलासरीकडच्या कितीतरी पोरी रोज सीमा ओलांडून उंबरगाव, भिलाड, वापीकडे कामाला जातात. आणि चित्रं काढणाऱ्यांना तर परदेशातून बोलावणं येतं.

बाहेर गेलेली बाई परत येते तेव्हा आपण पहिलं काय विचारतो? माल किती खपला? पैसे किती आणले? ती काय जेवली, हे कुणी विचारत नाही. आणि ती सांगत नाही. सकाळी चहा आणि बिस्कीट, दुपारी एक वडापाव दोघींत, रात्री उरलंसुरलं. पाच-सहा दिवस असं काढलं की घरी येऊन अंगात कणकण, पित्त, चक्कर. आपल्याकडच्या कितीतरी बायांचं रक्त मुळातच कमी असतं. त्यात हा उपास. दोनशे रुपये वाचवले आणि पाचशे रुपये दवाखान्यात घातले, असला हा हिशोब आहे.

आमच्या गटात यावरून चांगलाच वाद झाला होता. प्रदर्शनाला गेलेल्या दोघींच्या जेवणाचा खर्च गटाच्या वहीत लिहायचा की नाही, हा प्रश्न होता. एक मावशी म्हणाली, जेवण तर घरीही लागतंच, त्याचे पैसे गटानं का द्यायचे? दुसरी म्हणाली, हॉटेलात खाणं ही चैन आहे, लोक काय म्हणतील? तेव्हा मागे बसलेली एक आजी बोलली. ती म्हणाली, लावणीला मजूर बोलावला तर त्याला न्याहारी देता ना? नांगराचा बैलसुद्धा दुपारी सोडता, त्याच्यापुढे गवत टाकता. मग गटाच्या कामाला गेलेली बाई काय बैलाहून कमी? सगळ्या हसल्या, पण ठराव झाला. बाहेर गेलेल्या बाईचं जेवण हा प्रवासाचा खर्च आहे. एसटीचं तिकीट जसं वहीत लिहितो तसं जेवण लिहायचं.

आता हा खर्च किती धरायचा? समजा दोघी सहा दिवसांसाठी गेल्या. सकाळचा नाश्ता ४० रुपये, दुपारचं जेवण १०० रुपये, रात्रीचं १०० रुपये, दोन चहा २० रुपये. एका बाईचे दिवसाला २६० झाले. दोघींचे सहा दिवसांचे ३,१२० रुपये. तेच न ठरवता गेलात आणि मेळ्याच्या आतल्या खाऊगल्लीतच तिन्ही वेळा खाल्लंत, तर एका बाईचे दिवसाला ६०० रुपये सहज जातात. म्हणजे दोघींचे ७,२००. फरक चार हजारांच्या वर. हे आकडे गावाप्रमाणे बदलतील, पण निघण्याआधी असा हिशोब मांडा. पोट मारायचं नाही आणि पैसाही उधळायचा नाही. त्याची रीत आम्ही सांगतो.

पहिली गोष्ट घरूनच करायची. बोलावणारा जो कुणी असेल, सरकारी कार्यालय असो की संस्था, त्याला आधीच विचारा: राहणं तुमचं की आमचं? जेवण तुमचं की आमचं? किती वेळचं? पहिल्या दिवशी पोहोचल्यावर आहे का, निघायच्या दिवशी आहे का? कुठे राहणं-जेवण दोन्ही मिळतं, कुठे नुसतं राहणं, कुठे दिवसाचा ठराविक भत्ता देतात. तोंडी उत्तरावर राहू नका. फोनवर संदेश मागवून घ्या म्हणजे लेखी राहतं. आणि भत्ता मिळणार असेल तर तो कधी मिळणार तेही विचारा. पुष्कळदा तो शेवटच्या दिवशी किंवा नंतर खात्यात येतो. तोवर जेवायला हातात रोख हवी.

दुसरी गोष्ट शिदोरी. पहिल्या दिवसाचं जेवण घरून न्यावं, हे आपल्या आज्यांचंच शहाणपण. भाकरी पहिल्या जेवणाला न्या, ती दुसऱ्या दिवशी कडक होते. टिकणारं काय? नाचणीचे लाडू, भाजलेले चणे आणि गूळ, शेंगदाण्याची चटणी, कोरडी भाजलेली सुकटीची चटणी. सुकटीचा डबा मात्र झाकण घट्ट असलेला घ्या, गाडीत शेजारचा माणूस नाक मुरडायला नको. ही शिदोरी अडीअडचणीसाठी असते. रात्री गाडी उशिरा पोहोचली, हॉटेलं बंद झाली, तर चणे-गूळ खाऊन झोपता येतं. सहाही दिवस लाडवांवर काढायचे म्हणून ती नेऊ नका.

आता गाडीत बसू. डहाणू रोडहून मुंबईच्या लोकलचा प्रवास छोटा असतो, पण दिल्ली-बंगळुरूकडे जाताना रात्री गाडीत जातात. साध्या डब्यातल्या प्रवाशांसाठी रेल्वेनं २०२३ सालापासून स्वस्त जेवणाची सोय केली आहे. २० रुपयांत ७ पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि लोणचं. ते सगळ्या स्टेशनांवर मिळत नाही. जिथे मिळतं तिथे फलाटावर साधा डबा थांबतो त्या जागेजवळ टेबल मांडलेलं असतं. ‘वीस रुपयांचं जेवण कुठे मिळतं?’ असं हमालाला किंवा स्टॉलवाल्याला सरळ विचारा. रेल्वेच्या पाण्याच्या एक लिटर बाटलीची किंमत सप्टेंबर २०२५ पासून १४ रुपये आहे. कुणी वीस मागितले तर छापलेली किंमत दाखवा. गाडीत जेवण विकणाऱ्याकडे बिल मागा. बिल नाही तर पैसे नाहीत, हा रेल्वेचाच नियम आहे.

मुंबईत उतरलात की स्टेशनबाहेर शंभर पाट्या दिसतात. कुठे शिरायचं? इथे एकच गोष्ट लक्षात ठेवा. जिथे कामाची माणसं जेवतात तिथे जेवायचं. टॅक्सीवाले, हमाल, दुकानात काम करणाऱ्या पोरी, दवाखान्यातल्या आया-वॉर्डबॉय दुपारी कुठे जातात ते बघा. त्या माणसाला रोज जेवायचं असतं. त्याला महाग परवडत नाही आणि वाईट खाऊन आजारी पडणंही परवडत नाही. म्हणून त्याची जागा बहुधा स्वस्तही असते आणि ताजीही. माल रोज संपतो, शिळं उरत नाही. ही खूण तलासरीच्या नाक्यापासून साता समुद्रापार चालते.

मुंबईत अशी जेवणं उभी करणाऱ्या बायाच होत्या, हे आपल्याला माहीत असलं पाहिजे. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले हजारो गडी बायको-मुलांना गावी ठेवून राहत. त्यांना जेवू घालायचं काम खानावळी चालवणाऱ्या बाया करत. दहा बाय दहाच्या खोलीत पहाटेपासून पोळ्या लाटायच्या आणि धान्य भरायला सावकाराकडून जबर व्याजानं पैसे घ्यायचे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. सावकाराचा फास सुटला. पुढे प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली. आज आपण बचत गटात जे करतो, ते या खानावळवाल्या बायांनी पन्नास वर्षांपूर्वी करून दाखवलं. म्हणून मुंबईत ‘घरगुती जेवण’, ‘पोळी-भाजी केंद्र’ अशी पाटी दिसली की तिथे चौकशी करा. बहुतेक ठिकाणी चूल एखाद्या बाईच्याच हातात असते. दोन पोळ्या आणि भाजी बांधून घेतली तर हॉटेलच्या थाळीपेक्षा निम्म्यात काम होतं.

दुसरी जागा उडुपी हॉटेल. दक्षिणेतून आलेल्या माणसांनी कामगार-कारकुनांसाठी ही हॉटेलं काढली. माटुंगा स्टेशनसमोरचं रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून केळीच्या पानावर जेवू घालतंय. अशा हॉटेलात इडली, उपमा, राइस प्लेट गरम मिळते. आपल्या घोलवड-डहाणूकडे चिकूच्या वाड्या करणाऱ्या इराण्यांच्या समाजानंच मुंबईत इराणी हॉटेलं थाटली. तिथे ब्रून पाव आणि चहावर बाई एकटी निवांत बसली तरी कुणी उठवत नाही.

तिसरी जागा सरकारी थाळीची. १९९५ साली राज्यात एक रुपयात झुणका-भाकर सुरू झाली होती, ती योजना पुढे बंद पडली. २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन थाळी आली. १० रुपयांत दोन पोळ्या, एक भाजी, वरण आणि भात. ती जिल्ह्याच्या ठिकाणी, सरकारी दवाखाने, एसटी स्टँड, बाजार अशा जागी मिळते. थाळ्यांची संख्या ठरलेली असते आणि ती दुपारीच मिळते. सगळी केंद्रं सारखीच सुरू राहिलेली नाहीत, म्हणून आधी विचारून जा आणि वेळेआधी जा. आजारी माणसाबरोबर दवाखान्यात राहणाऱ्या बाईला हा मोठा आधार असतो.

हॉटेलात शिरल्यावर काय करायचं? बसायच्या आधी भावाची पाटी वाचा. वाचता येत नसेल तर वेटरला विचारा: भाऊ, राइस प्लेट कितीला? जास्तीची पोळी कितीला? एसी खोलीत बसलं तर त्याच जेवणाला जास्त पैसे लागतात, म्हणून बाहेर पंख्याखाली बसा. वेटर विचारेल, ‘पाणी बिसलेरी की साधं?’ ठामपणे ‘साधं’ म्हणा. दोघींत एक थाळी घेऊन वर दोन पोळ्या मागवल्या तर पुष्कळदा दोघींचं पोट भरतं. पण अमर्याद थाळी एकच घेऊन दोघींनी खाणं चालत नाही, तिथे भांडण होतं. बिल आलं की एकेक ओळ वाचा. बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ लावला असेल तर तो देणं सक्तीचं नाही, हे केंद्र सरकारच्या ग्राहक प्राधिकरणानं २०२२ साली सांगितलंय आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २०२५ साली त्यावर शिक्कामोर्तब केलंय. जीएसटी मात्र सरकारी कर आहे, तो टाळता येत नाही.

आपल्या तलासरीच्या बाया आच्छाडचा नाका ओलांडून गुजरातेत जातात. तिथल्या पाट्या बघून गोंधळू नका. गुजराती अक्षरं बरीचशी आपल्या अक्षरांसारखीच असतात, फक्त डोक्यावरची रेघ नसते. आठ दिवस लक्ष देऊन वाचलं की भाव कळायला लागतात. रोज कामाला जाणाऱ्या पोरींनी डबाच न्यावा. पण बदली पाळी लागली आणि डबा संपला, तर हायवेवरच्या मोठ्या झगमगीत ढाब्यापेक्षा कारखान्याच्या फाटकाजवळची, कामगार जेवतात ती जागा बघा. एकटीनं रात्री ढाब्यावर थांबू नका. दोघी-तिघींनी मिळून जा.

दिल्लीला गेलात तर अंतरं लांब आणि भाषा हिंदी. तिथे आपल्यासारख्यांना दोन ठिकाणं ठाऊक हवीत. एक, गुरुद्वारा बंगला साहिब. गुरुद्वाऱ्यात लंगर असतो. जात, धर्म, गाव काही विचारत नाहीत. डोकं झाकायचं, चपला काढायच्या, हात-पाय धुवायचे आणि पंगतीत जमिनीवर बसायचं. पोळी दोन्ही हात पुढे करून घ्यायची. पानात टाकायचं नाही. काही बायांना वाटतं, फुकट जेवणं म्हणजे भीक. तसं नाही. राजा असो की मजूर, सगळ्यांनी एका पंगतीत बसावं म्हणूनच गुरू नानकांनी ही रीत घातली. मनाला वाटलं तर जेवून झाल्यावर भांडी घासायला, पोळ्या लाटायला हात लावा, तिथे कुणीही ही सेवा करू शकतं. दुसरं ठिकाण म्हणजे वेगवेगळ्या राज्यांच्या भवनांची उपाहारगृहं. आंध्र भवनाची थाळी तर दिल्लीभर प्रसिद्ध आहे.

दक्षिणेत गेलात तर सरकारी स्वस्त जेवणं ठिकठिकाणी आहेत. चेन्नईत २०१३ साली अम्मा उणवगम सुरू झालं, तिथे इडली एक रुपयाला दिली. बंगळुरूत २०१७ पासून इंदिरा कँटीन, सुरुवातीला ५ रुपयांत नाश्ता आणि १० रुपयांत जेवण. केरळात तर आपल्याच बहिणी हे चालवतात. कुडुंबश्री म्हणजे तिथल्या बचत गटांची मोठी संघटना, १९९८ पासूनची. २०२० साली तिच्या गटांनी गावोगाव ‘जनकीय हॉटेलं’ काढून २० रुपयांत जेवण दिलं. म्हणजे जेवणारी बाई आणि रांधणारी बाई दोघीही गटातल्या. आपल्या महालक्ष्मीच्या यात्रेला आणि बोर्डीच्या किनाऱ्यावर येणाऱ्या लोकांसाठी आपल्या गटांनी असं काही करावं का, यावर बैठकीत बोलायला हरकत नाही.

आता समुद्रापलीकडे जाऊ. परदेश म्हटलं की आपल्याला वाटतं, ते आपलं काम नाही. पण वारली चित्रं आपल्या घराच्या भिंतीवर लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सुवासिनींची. तांदळाच्या पिठानं त्या चौक लिहायच्या आणि धवलेरी गाणी म्हणायची. तीच कला घेऊन डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांची चित्रं १९७६ साली फ्रान्समधल्या मेंतों गावी लागली. पुढे २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जपानमध्ये निगाता भागातल्या तोकामाची इथे मिथिला संग्रहालय आहे. बिहारच्या मधुबनी चित्रांबरोबर आपली वारली चित्रंही तिथे जपली आहेत आणि आपल्याकडच्या कलाकारांनी तिथे राहून चित्रं काढली आहेत. तेव्हा उद्या बोलावणं तुमच्या लेकीला, सुनेला, नाहीतर तुम्हालाच येऊ शकतं. त्या वेळी जेवणाच्या धास्तीनं ‘नको’ म्हणू नका.

परदेशात पहिली अडचण मनाची असते. प्रत्येक पदार्थाची किंमत आपण रुपयात मोजतो. जपानमध्ये ५०० येनचा भाताचा वाडगा बघितला की मनात येतं, बापरे, पावणेतीनशे-तीनशे रुपये! घास घशाखाली उतरत नाही. पण तिथे तो मजुराच्या रोजच्या जेवणाचा भाव असतो. म्हणून रुपयात मोजणं घरी, हिशोबाच्या वेळी करा. तिथे दिवसाचा भत्ता तिथल्याच पैशात धरा आणि त्याचे भाग करा: इतके दुपारला, इतके रात्रीला, इतके चहा-पाण्याला. भागात बसतंय ना? मग निर्धास्त जेवा.

स्वस्त जेवायच्या जागा तिथेही त्याच, कामाच्या माणसांच्या. सिंगापुरात पूर्वी रस्त्यावर गाड्या लावून विकणाऱ्यांना सरकारनं छपराखाली ओट्यांच्या जागा बांधून दिल्या. त्यांना हॉकर सेंटर म्हणतात. नळ, गटार, बसायला बाकं, सगळं आहे. मजूर आणि साहेब एकाच बाकावर जेवतात. तमिळ लोकांचे डोसे, भातही तिथे मिळतात. २०२० साली युनेस्कोनं या जेवणाच्या रीतीला जगाच्या वारशात नोंदवलं. दुबई-आखातात केरळी लोकांची छोटी कॅफेटेरिया असतात, तिथे परोटा, अंडं आणि कडक चहा स्वस्तात मिळतो. जपानात स्टेशनाजवळ उभ्यानं खायची शेवयांची दुकानं असतात. तिथे यंत्रात पैसे टाकून चिठ्ठी घ्यायची आणि ती आत द्यायची, बोलावंही लागत नाही. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुकानात भाताचे त्रिकोणी गोळे मिळतात, त्यांना ओनिगिरी म्हणतात. आपल्या भातखाऊ माणसाला ते लगेच जमतात. संध्याकाळी उशिरा मोठ्या दुकानांत तयार जेवणाच्या डब्यांवर सवलतीची चिठ्ठी लावतात, तेव्हा घ्यायचं.

फ्रान्ससारख्या देशात दुपारचं जेवण रात्रीपेक्षा स्वस्त असतं. हॉटेलाबाहेर फळ्यावर ‘आजचं जेवण’ लिहिलेलं असतं, तेच मागा. मोठं जेवण दुपारी करा आणि रात्री बेकरीतला लांब पाव, फळं, दही यावर भागवा. तिथे जेवणाबरोबर नळाच्या पाण्याची सुरई मागितली तर फुकट मिळते. नाही सांगितलं तर बाटली आणतात आणि तिचे पैसे लावतात. लंडनला असाल तर साउथहॉलच्या गुरुद्वाऱ्यात दिल्लीसारखाच लंगर आहे. आणि बक्षिशीचं विचारून घ्या. जपानात बक्षीस देतच नाहीत, दिलं तर उलट माणूस मागे धावत येऊन परत करतो. अमेरिकेत मात्र बसून जेवलं तर बिलावर पंधरा-वीस टक्के द्यावे लागतात, ते आधीच हिशोबात धरा.

काय खात नाही, हे निघण्याआधी एका कागदावर लिहून घ्या. बोलावणाऱ्यांकडून त्यांच्या भाषेत लिहून घ्या: ‘मी गाईचं आणि डुकराचं मांस खात नाही. मासे, कोंबडी, अंडी चालतात.’ जी पूर्ण शाकाहारी आहे तिनं तसं लिहावं. जपानात साध्या भाजीच्या रश्शातही बहुधा माशाचा अर्क असतो, हे तिला ठाऊक हवं. विमानात शाकाहारी जेवण हवं असेल तर तिकीट काढतानाच सांगा. स्वस्त विमानांत जेवण तिकिटात नसतं, तेही विचारून घ्या. पाण्याची बाटली रिकामी करून तपासणीतून न्या आणि आत गेल्यावर नळावर भरा. विमानतळावरचं पाणी आणि चहा फार महाग.

शिदोरी नेताना परदेशाचे कायदे पाळावे लागतात. युरोपच्या देशांत मांस आणि दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, मिठाई घरीच ठेवा. जपानात मांसाचे पदार्थ चालत नाहीत. ताजी फळं, आपले चिकू, आंबे, कुठेही नेऊ नका. ऑस्ट्रेलियाला तर पिशवीतला प्रत्येक खाण्याचा पदार्थ उतरल्यावर कागदावर लिहून द्यावा लागतो, लपवला तर मोठा दंड. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत, त्यातलं तेल पेट घेऊ शकतं. लोणचं हातातल्या पिशवीत ठेवलं तर तपासणीला काढून घेतात, ते मोठ्या पेटीत ठेवा. नाचणीचे पापड, भाजलेले चणे, कोरडी चटणी, चहाची पूड हे कारखान्याच्या बंद पाकिटात, वर नाव छापलेलं असेल तर बरं.

शेवटी एक गोष्ट, जी बाया आपसांतच बोलतात. बाहेर गेल्यावर आपण जेवत नाही, पाणी पीत नाही, याचं अर्धं कारण पैसा आणि अर्धं कारण संडास. जागा स्वच्छ नाही, दूर आहे, स्टॉल सोडून जाता येत नाही. म्हणून दिवसभर घोटभर पाण्यावर काढतो आणि मग लघवीची जळजळ, ताप. पोहोचल्या दिवशी पहिलं काम हेच करा: संडास कुठे आहे ते बघून या. मेळ्यात दोघी असाल तर पाळी लावा, एकीनं स्टॉल सांभाळायचा, दुसरीनं जेवून, जाऊन यायचं. एकटी असाल तर शेजारच्या स्टॉलवालीशी पहिल्याच दिवशी ओळख करा. ती राजस्थानची असो की ओडिशाची, तिची अडचण तीच असते.

आणि खाताना गरम गरम खा. कापून ठेवलेली फळं, उघड्यावरची चटणी, बर्फाचं सरबत टाळा. केळं, संत्रं स्वतः सोलून खा. पोट बिघडलं तर मीठ-साखरेचं पाणी, ओआरएसची दोन पाकिटं पिशवीत असूच द्या. कोणी अनोळखी माणूस ‘चला, चांगलं जेवू घालतो’ म्हणाला, तर हात जोडून नको म्हणा.

बायांनो, पुढच्या बैठकीत तुमच्या गटानं तीन गोष्टी वहीत लिहाव्यात, एवढीच आमची विनंती. बाहेर जाणाऱ्या बाईला जेवणाचे रोजचे किती रुपये, ते निघण्याआधी तिच्या हातात रोख द्यायचे. तिनं बिलं आणावीत, पण बिल नसलेल्या खानावळीचा खर्चही तिच्या शब्दावर धरायचा. आणि परत आल्यावर तिनं सांगायचं, कुठे स्वस्त जेवण मिळालं, कितीला मिळालं, संडास कुठे होता. ते सगळं एका कागदावर उतरवून ठेवा. पुढच्या वेळी जाणाऱ्या बाईला तो कागद द्या. पाच-सहा गटांचे असे कागद एकत्र केले तर मुंबई-दिल्लीच्या जेवणाची आपली स्वतःची पाटी तयार होईल.

तुम्ही कुठे कुठे गेलात, काय जेवलात, कितीला जेवलात, ते आम्हालाही कळवा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी गटाच्या सचिवताईकडून लिहून घ्यावं. पुढच्या बोलण्यात ते आम्ही वाचून दाखवू. जेवायची वेळ झाली आहे, भाकऱ्या गार होऊ देऊ नका. येतो आम्ही. नमस्कार.